निकानोरने वर केलेला हात

"आज रात्री तू मेलास तर कुठे जाशील?"

मुलीने मुलाशी पहिल्यांदा बोलावं असं हे वाक्य नव्हे, हे कोणीही मान्य करील. पण लोईदाला दुसरं वाक्य शिकवलेलंच नव्हतं. पास्टर अब्दियासची लेक ती. चालायला लागल्यापासून तिच्या हातात पत्रकं होती. अनोळखी माणूस दिसला की आधी हा प्रश्न विचारायचा, मग पत्रक द्यायचं, मग त्याच्यासाठी मनातल्या मनात प्रार्थना करायची, असा घरचा शिरस्ता. सरोवराच्या काठावरच्या अर्ध्या लोकांना तिचं विचारून झालं होतं. काहींनी मान खाली घातली होती, काहींनी तिला आल्या वाटेने परत पाठवलं होतं.

इतकी वर्षं पल्याड मावशीकडे राहून या धक्क्यावर नव्यानेच आलेल्या लाँचवाल्याने इंजिनाचा प्लग पुसता पुसता वर पाहिलं. डोळे मिस्कील, पुढचा एक दात किंचित तिरका.

"आज रात्री?" त्याने अगदी विचार केल्याचं सोंग केलं. "आज नाही जमायचं. उद्या पहाटेची फेरी माझी आहे."

कांद्याच्या पोत्यांवर बसलेल्या दोघी बायका फिसकन हसल्या. लोईदाचे कान तापले.

"मरण काय तुझ्या फेऱ्या बघून येणार आहे?"

"बघावंच लागेल त्याला. आपल्या गावाला यायचं तर त्यालाही लाँचच लागते."

तिने पत्रक पुढे केलं. वर लाल-पिवळ्या ज्वाळा, खाली हात वर करून रडणारी माणसं. त्याने ते आदराने घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि त्याच कागदाने प्लग खसाखसा पुसून जागेवर बसवला. दोरी ओढली. सकाळपासून रुसलेलं इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

"लागू पडलं की," तो म्हणाला. "आणखी आहेत का?"

त्या दिवशी लोईदाने त्याच्यासाठी प्रार्थना केली नाही. चिडली होती ना! पण घरी जाऊन तिने त्याचं नाव मात्र विचारून घेतलं. निकानोर.

दर शुक्रवारी ती सरोवरापलीकडच्या सोलोलाच्या बाजाराला जायची. बायकांच्या ब्लाउजच्या गळ्यांवर रेशमाने पक्षी भरायची आणि ते गळे तिथे विकायची. धक्क्यावरून लाँचा सुटायच्या त्या काही एकट्या निकानोरच्या नव्हत्या. तरी हळूहळू असं व्हायला लागलं, की लोईदा धक्क्यावर उभी असायची, एक लाँच भरून जायची, दुसरी जायची, आणि हिचं आपलं टोपलीतले गळे मोजणं चाललेलंच. निकानोरची लाँच वळणावर दिसली की मग एकदम घाई. ती हात वर करायची. पलीकडून तोही हात वर करायचा. आमच्या सरोवरावर ही रीतच आहे. धक्क्यावरच्याने हात वर केला की नावाड्याने उलट हात वर करायचा. 'पाहिलं तुला, घेतल्याशिवाय जात नाही' असा त्याचा अर्थ. रीत जुनी आणि साधी, पण लोईदाला वाटायचं की तो आपल्यासाठी हात जरा जास्तच वेळ वर ठेवतो... आणि ठेवायचाही तो.

ती आता लाँचच्या पुढच्या फळीवर न बसता मागे, इंजिनाजवळ बसायची. पुढे पाणी उडतं, असं तिने आईला सांगितलं होतं.

"आमच्या चर्चच्या मंडळीत तुला काय म्हणतात माहीत आहे?" एकदा ती म्हणाली. "जगातला. जे तारण पावलेले नाहीत ते सगळे जगातले."

"आणि तू कुठली? चंद्रावरची?"

तिला हसू आलं. पास्टरच्या मुलीने नावाड्याच्या विनोदावर हसू नये, म्हणून तिने शालीचा पदर तोंडाशी धरला. पण खांदे हलत होते ते काही लपले नाहीत.

दुपार कलायला लागली होती आणि वारा उठत होता. या वाऱ्याचं आमच्या जुन्या बोलीतलं नाव 'पापं गोळा करून नेणारा' असं आहे, असं म्हातारी माणसं सांगतात. निकानोर म्हणाला, तुझे बाबा रोज संध्याकाळी जे काम करतात ते हा दुपारीच उरकून टाकतो, आणि तेही लाउडस्पीकर न लावता. लोईदाने त्याला, जीभ सांभाळ, असं बजावलं. त्याने जीभ बाहेर काढली आणि दोन बोटांनी सांभाळून धरली. अशा माणसावर रागावायचं तरी कसं?

त्याच्या आईचं बोलणं निघालं तेही असंच, हसता हसता. त्याची आई म्हणजे दोन्या चोना, गावची सुईण. दोन वर्षांपूर्वी गेली. पास्टरच्या मंडळीतली निम्मी माणसं तिच्या हातून जगात आलेली, पण ती स्वतः कधी मंडळीत पाऊल टाकायला आली नाही. घरात लाकडी संतापुढे मेणबत्ती लावायची, त्याला दारूचा घोट ठेवायची, आणि बाळंतपणाला निघायची.

"तुलाही तिनंच काढलं," निकानोर म्हणाला. "पायाळू होतीस. आई सांगायची, पास्टरची पोरगी पाय आपटतच आली."

लोईदा हसली, आणि मग तिचं हसू एकदम मावळलं. दोन्या चोना तिला चांगली आठवत होती. रस्त्यात भेटली की गाल ओढायची, कमरेच्या पट्ट्यातून वेलचीची गोळी काढून द्यायची. आणि ती आता कुठे असणार, हे लोईदाला पाठ होतं. पत्रकावर चित्रासकट छापलेलं होतं. लहानपणापासून ती नरकाबद्दल बोलत आली होती, पण तोवर तिच्या मायेचं माणूस तिथे कोणी नव्हतं. आता होतं.

त्या आठवड्यापासून तिच्या पिशवीतली पत्रकं संपेनात.

गावात गोष्टी लपत नाहीत, आणि मागच्या फळीवर बसणारी मुलगी तर नाहीच. रविवारी पास्टर अब्दियासने कोणाचंही नाव न घेता विजोड जुवावर प्रवचन दिलं. बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नये, असं देवाने सांगितलं आहे. विश्वास ठेवणाऱ्याने न ठेवणाऱ्याशी सोयरीक करू नये. नाव घेतलं नाही तरी सगळ्या माना लोईदाकडे वळल्या. लाउडस्पीकरची कृपा अशी की ते धक्क्यावरही ऐकू गेलं.

शुक्रवारी निकानोरने तिची टोपली हातात घेतली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आपल्यात बैल कोण आणि गाढव कोण?"

"आपल्यात म्हणजे?"

"म्हणजे... लाँचमध्ये."

"गाढव कोण ते ठरलेलंच आहे."

"बरं," तो म्हणाला. "बैलाने हे कबूल केलं हेही काही कमी नाही."

ती पुढे जाऊन बसली. पाणी उडालं, भिजली, पण चेहरा लपला. प्रेमात पडलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागतो असं म्हणतात. लोईदाला त्याच दिवशी, पल्याडचा काठ यायच्या आत कळलं. आणि हेही कळलं, की या माणसाला घरात आणायला एकच दार आहे, आणि त्या दारातून तो कधी आत येणार नाही.

पण निकानोर आला. म्हणजे पुढच्याच बुधवारी संध्याकाळच्या उपासनेला तो शेवटच्या बाकावर येऊन बसला. केस पाण्याने चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. तारण वगैरे पावायला तो आलेला नव्हता. त्याला फक्त लोईदाची पाठ बघायची होती. शुक्रवार फार लांब होता.

उपासनेच्या शेवटी पास्टर अब्दियासने आवाज खाली आणला. सगळ्यांनी डोळे मिटा, तो म्हणाला. कोणी कोणाकडे बघू नका. आज ज्याला प्रभूला स्वीकारायचं आहे त्याने फक्त हात वर करायचा. दुसरं कोणी पाहणार नाही. हार्मोनियमवर हळू सूर चालू होता. शे-दीडशे माणसांनी डोळे मिटले.

लोईदाने मिटले नाहीत. जन्मात पहिल्यांदा तिने मान वळवली आणि मागे पाहिलं. निकानोर तिच्याकडेच बघत होता. तिचे डोळे आपल्याला शोधतायत हे दिसलं मात्र, आणि बारा वर्षं लाँच चालवणाऱ्या माणसाचा हात आपोआप वर गेला. पाहिलं तुला. घेतल्याशिवाय जात नाही.

"पाहिला!" व्यासपीठावरून पास्टरचा आवाज आला. "मागच्या बाकावरचा हात मी पाहिला. देवाने पाहिला. ये बाळा, पुढे ये."

पुढचं सगळं इतक्या भराभर झालं की निकानोरला तोंड उघडायला फुरसत मिळाली नाही. मंडळीतल्या चार भावांनी त्याला मिठ्या मारल्या, दोन बायका रडल्या, कोणीतरी डफ वाजवला. पास्टरने दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले, आणि त्याचे डोळे खरोखर पाण्याने भरले होते. निकानोरने त्याच्या खांद्यावरून लोईदाकडे पाहिलं. 'सांगू का?' असं ते बघणं होतं. लोईदाने नजर खाली वळवली. 'नको' म्हणायला तेवढं पुरलं.

मग सुखाचे दिवस आले. खोटेपणाचे असले म्हणून काय, सुखाचे होते. निकानोर आता भाऊ निकानोर झाला. त्याने घरी यावं, अंगणात बसावं, लोईदाच्या आईने त्याच्यापुढे मक्याची गरम पेज ठेवावी, यात कोणाला वावगं वाटेना. भिजवलेला मका दळून आणायला लोईदा निघाली की तो पातेलं धरून बरोबर चालायचा, दोन हात अंतर राखून. ते दोन हात मधूनमधून दीड व्हायचे. एकदा वळणावर त्याची करंगळी तिच्या करंगळीला लागली आणि लागलेलीच राहिली... दोघंही मक्याच्या भावाबद्दल बोलत होते, आणि काय बोलत होते ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

सरोवरात बुडवून मंडळीत घ्यायचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. त्याआधी पास्टर त्याला स्वयंपाकघरात बसवून धडे द्यायचा. एका संध्याकाळी लोईदा बाहेर नळावर भांडी घासत होती, आणि आतून निकानोरचा आवाज आला. नेहमीचा नव्हता.

"पास्टर, माझी आई कुठे आहे?"

पास्टरने पुस्तक मिटलं.

"मला खोटं बोलता येत नाही, बाळा," तो म्हणाला. "ख्रिस्ताबाहेर कोणाचंच तारण नाही. तुझ्या आईचं नाही, माझ्या बापाचंही नाही. तो दारू पिऊन गटारात मेला. वीस वर्षं झाली, मी अजून त्याच्यासाठी रडतो. लोकांना वाटतं मी लाउडस्पीकरवर ओरडतो. अरे, आणखी कोणाच्या मुलाला असं रडायला लागू नये म्हणून ओरडतो मी."

लोईदाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. बाप वाईट असता तर किती सोपं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. पण तो वाईट नव्हता. तो गावावर माया करायचा आणि त्याच मायेने गावाला होरपळवायचा.

शनिवारी तिने निकानोरला धक्क्यावर गाठलं. तो लाँच धूत होता.

"उद्या पाण्यात उभं करून बाबा विचारतील. काय म्हणशील?"

"हो म्हणेन."

"सगळ्याला?"

"सगळ्याला."

"ख्रिस्ताबाहेरचे सगळे कायमचे गेले, असंही विचारतात. तुझी आईसुद्धा त्यात आली."

त्याने फडकं पिळलं, आणि पिळलेलंच पुन्हा पिळलं. "एक शब्द तर म्हणायचा आहे. आईला ऐकू येणार नाही, लोईदा. ती मेली आहे. तू जिवंत आहेस."

"मला नको असला शब्द." तिचा आवाज चढला. "माझ्यासाठी आईला आगीत टाकून आलेला नवरा मला नको."

"मग सांग ना तुझ्या बाबांना." आता तोही चिडला. "माझा हात का वर गेला ते सांग. मी सांगितलं असतं, तूच नजर खाली वळवलीस. मला तू हवी आहेस, म्हणून मी खोटं बोलतोय. तू कशासाठी बोलतेयस?"

उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. ती भीत होती. बापाला, मंडळीला, आणि त्याहूनही जास्त त्या छापील ज्वाळांना. ती पाय आपटत घरी गेली आणि रात्रभर आईच्या कुशीत जागी राहिली.

रविवारी सकाळी सरोवर काचेसारखं शांत होतं. मंडळी काठावर जमली, टाळ्या वाजवून गाणी झाली. पास्टर अब्दियास पांढऱ्या झग्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि निकानोर त्याच्यासमोर.

तू पापाचा त्याग करतोस का? करतो. येशू हा देवाचा पुत्र आहे यावर विश्वास ठेवतोस का? ठेवतो. इथवर त्याचा आवाज ऐकू येत होता.

"त्याच्याबाहेर तारण नाही, आणि जे त्याला न स्वीकारता गेले ते कायमचे गेले, हे कबूल करतोस का?"

निकानोरने तोंड उघडलं. मिटलं. तो लोईदाकडे बघत नव्हता. त्याने पाण्याकडे बघत मान खाली घातली होती, मार खायला तयार झालेल्या मुलाने घालावी तशी. तो 'हो' म्हणणार होता. आयुष्यभर त्या 'हो'खाली वाकून जगणार होता, आणि तेही तिच्यामुळे.

लोईदा पाण्यात उतरली. लुगडं पायांत गुंडाळलं, शाल तरंगली, मागून आईने हाक मारली. ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"बाबा, त्यानं हात देवाला दाखवला नव्हता. मला दाखवला होता."

"काय?"

"तुम्ही डोळे मिटा म्हणालात, मी मिटले नाहीत. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. आपल्या धक्क्यावर करतात तसा त्यानं हात केला. तुम्हाला वाटलं तारण झालं. मला माहीत होतं, तरी मी गप्प राहिले. मला तो हवा होता, बाबा. अजून हवा आहे."

काठावर कुजबुज उठली. पास्टरचा चेहरा दगडासारखा झाला. तो हळू आवाजात म्हणाला, "बाहेर हो. तू काय बोलतेयस ते तुला कळत नाही. तो हरवलेला आहे, तू त्याच्यामागे जाऊ नकोस. मला तुला गमवायचं नाही, लोईदा. एक माणूस मी गमावून बसलोय."

"कुठे गमावलंत?" तिचा आवाज काठापर्यंत जात होता. "वीस वर्षं तुम्ही आजोबांसाठी रडता. दारुडे होते, तुम्हाला मारायचे, आणि तरी तुमच्या हातात असतं तर तुम्ही त्यांना एक दिवससुद्धा आगीत ठेवलं नसतं. ठेवलं असतं का?"

पास्टरने नजर पाण्याकडे वळवली.

"मग देव तुमच्याहून कमी दयाळू आहे का, बाबा?"

हा प्रश्न आमच्या गावात त्याआधी कोणी मोठ्याने विचारला नव्हता. पुष्कळांनी मनात विचारला असणार. मघाशी टाळ्या वाजवलेल्या बायकांचे हात आता शालीत गुंतले होते, आणि त्यांतल्या कितीतरी जणींच्या पोरांना दोन्या चोनाने उलटं धरून पहिला श्वास घ्यायला लावला होता.

"मी देवावर विश्वास ठेवते," लोईदा म्हणाली. "मरेपर्यंत ठेवीन. पण मला उलटीची सुलटी करून ज्या बाईनं जगात आणलं, तिला त्यानं जाळलं असेल यावर नाही ठेवत. यासाठी मला नरक मिळणार असेल तर मिळू दे. मी पत्रकं वाटणार नाही, आणि हा 'हो' म्हणणार नाही."

निकानोरने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, आणि अजून तर त्याला बुडवलेलंही नव्हतं.

"नाही म्हणतो मी, पास्टर," तो म्हणाला. "माझी आई कायमची गेली, हे मी कबूल करत नाही."

पास्टर अब्दियासने झगा सावरला आणि पाण्यातून चालत बाहेर गेला. लोकांनी वाट करून दिली. आशीर्वाद न देता संपलेली ती त्याची पहिली उपासना.

आता कोणालाही वाटेल की लोईदा लाँचमध्ये बसून निकानोरबरोबर पळून गेली. निकानोरनेही तेच सुचवलं. पल्याड त्याची मावशी होती. पण लोईदाला चोरासारखं जायचं नव्हतं. तिने भर रस्त्यात, मंडळीच्या डोळ्यांदेखत, त्याचा हात धरला आणि त्याला आपल्या घरी घेऊन गेली. दोघांच्या कपड्यांतून पाणी गळत होतं.

दारात पास्टर उभा होता.

"तू आत ये," तो तिला म्हणाला. "तो बाहेर बसेल."

"बसेल," ती म्हणाली. "मीही त्याच्याबरोबर बाहेरच बसेन."

आणि ती पायरीवर बसली. निकानोर तिच्याशेजारी बसला. येणारे-जाणारे बघत होते, काही थांबून बघत होते. लोईदाने धरलेला हात सोडला नाही. थोड्या वेळाने आई बाहेर आली आणि दोघांच्या मध्ये तळलेल्या माशांची थाळी आणि गरम भाकऱ्या ठेवून आत गेली.

"तू मला ते अजून नीट म्हणाली नाहीस," निकानोर म्हणाला.

"काय?"

"तेच. बाबांना म्हणालीस, मंडळीला म्हणालीस, सरोवराला म्हणालीस..."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," लोईदा म्हणाली. "आता खा. काटे बघून खा."

"आणि त्यांनी कधीच आत घेतलं नाही तर?"

"तर इथंच संसार मांडू."

"पायरीवर?"

"पायरीवर. त्यांना रोज आपल्याला ओलांडून उपासनेला जावं लागेल."

तो हसला, आणि हसता हसता रडला, आणि तिने शालीच्या ओल्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. आत ताटं वाढल्याचे आवाज येत होते. जेवणापूर्वीची प्रार्थना आज फार लांबली, आणि शेवटी शेवटी तिच्यातले शब्दच ऐकू येईनासे झाले. मग पास्टर अब्दियासचा आवाज आला. तो बायकोशी बोलत होता, पण जरा मोठ्यानेच.

"त्याला विचार, मीठ पुरेसं आहे का."

आई उठायच्या आत लोईदानेच पायरीवरून उत्तर दिलं.

"मीठ पुरे आहे, बाबा. जागाच काय ती कमी पडतेय."

आणि मग, कितीतरी वेळाने, आतून बाक सरकवल्याचा आवाज आला.